तेरखेड्याला बघण्यासारखं काय आहे?

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हेनियाला खेटून, गोरित्सिया नावाचं एक गाव आहे आणि त्याच नावाचा एक चिमुकला प्रांत. म्हणजे होता. तिकडच्या लोकांनी काही वर्षांपूर्वी प्रांताचा सरकारी कारभार मोडीत काढला, पण नाव राहिलं. आमच्या टीममधला एकजण नुकताच तिकडे जाऊन आला आणि गेले पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही गोरित्सियाच जेवतो आहोत. रोम नाही, व्हेनिस नाही, "लोकांना माहीत नसलेला इटली" म्हणून तो मुद्दाम तिथे गेला होता. तिथे काय आहे? एक किल्ला आहे. इसोन्झो नावाची नदी आहे, तिच्या काठी पहिल्या महायुद्धात बारा लढाया झाल्या. १९४७च्या तहात सीमारेषा अशी काही ओढली की रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियात गेलं आणि स्टेशनसमोरचा चौक दोन देशांत अर्धा अर्धा वाटला गेला. त्या चौकातलं कुंपण २००४ साली काढलं. एक कडवट पालेभाजी आहे, ती गुलाबाच्या फुलासारखी दिसते आणि सोन्याच्या भावाने विकली जाते. ऑस्ट्रियाचं राज्य होतं तेव्हाचा गुलाश अजून घरोघरी शिजतो. २०२५ साली हे गाव आणि सीमेपलीकडचं नोव्हा गोरित्सा ही जोडी युरोपची सांस्कृतिक राजधानी होती.

मस्तच. मला गोरित्सियाबद्दल काडीचाही आकस नाही. संधी मिळाली तर मीही जाईन आणि ती भाजी खाईन. माझं भांडण वेगळंच आहे. फोटो बघता बघता मी म्हटलं, "अरे, असा एक सीमेवरचा जिल्हा आपल्याकडेही आहे, पुण्याहून पाच तासांवर. माझं आजोळ तिथलंच." कुठलं म्हणून विचारल्यावर सांगितलं, तेरखेडा. जिल्हा धाराशिव, म्हणजे आधीचं उस्मानाबाद. त्यावर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "तुळजापूर सोडलं तर तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. वाईट म्हणजे ते फक्त पुण्या-मुंबईचे लोक म्हणत नाहीत. कुणी पाहुणा आला की माझा मामाही हेच म्हणतो, "कशाला आलाव हिकडं, काय बघायला हाय हितं?" आपल्याकडे काही नाही हे त्या मातीतल्या माणसाने इतकं मनापासून मान्य केलंय की ते आता नम्रता राहिलेलं नाही, ती माहिती झाली आहे. आणि ती माहिती साफ चूक आहे. डेटाबेसवर काम करणाऱ्याला 'रकान्यात शून्य आहे' आणि 'रकाना कुणी भरलेलाच नाही' ह्यातला फरक कळतो, नाही कळला तर नोकरी जाते. धाराशिव जिल्ह्याचा रकाना कुणी भरलेला नाही. आपण तो शून्य म्हणून वाचतो.

आधी सीमेचं बघू, कारण गोरित्सियाचा सगळा तोरा सीमेवरच आहे. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांकडे होती आणि तिथून जेमतेम दोन-तीन तासांच्या बैलगाडीच्या रस्त्यावर निजामाची हद्द लागायची. ह्या हद्दीच्या दोन बाजूंना कायदे वेगळे, पैसा वेगळा, शाळेची भाषा वेगळी. निजामाचा रुपया 'हाली सिक्का', इकडचा कलदार. त्याआधी १८५३ ते १८६० अशी सात वर्षं नळदुर्गाचा सगळा भाग निजामाने इंग्रजांच्या हवाली केला होता. तिथे कारभारी म्हणून फिलिप मेडोज टेलर हा माणूस होता, आणि त्याने पुढे १८६३ साली 'तारा' नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली, ती चक्क तुळजापुरात सुरू होते. मग १३ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गापाशी बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. पोलीस अॅक्शनची सुरुवात ह्या जिल्ह्यात झाली. मग भाषावार प्रांतरचना झाली, उमरग्याच्या पलीकडची गावं कर्नाटकात गेली. आजही उमरग्याच्या बाजारात एका पाटीवर मराठी, दुकानदाराच्या तोंडी कानडी आणि गिऱ्हाईकाच्या तोंडी दखनी हे इतकं सहज चालतं की कुणाला त्यात विशेष वाटत नाही. चौकातलं कुंपण काढल्याचा सोहळा इथे कुणी केला नाही एवढंच.

रच्याकने, ह्या जिल्ह्याच्या नावावरून गेली कित्येक वर्षं किती शाई आणि किती घसा खर्च झाला! सातव्या निजामाच्या नावाचं उस्मानाबाद की लेण्यांच्या नावाचं धाराशिव. २०२३ मध्ये तो निकाल लागला. ठीक. पण ज्यांनी ह्या नावासाठी आणि त्या नावासाठी रस्ते अडवले, त्यांच्यातल्या किती जणांनी धाराशिवची लेणी आतून पाहिली आहेत हे एकदा हात वर करून सांगावं. गावापासून काही किलोमीटरवर आहेत. सहाव्या शतकाच्या आसपासची. बौद्ध की जैन ह्यावर अभ्यासक भांडतात, म्हणजे निदान त्यांनी तरी ती पाहिली आहेत.

आता तेरखेडा. सोलापूर-धुळे हायवेने सोलापूरकडून निघालात की तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा आणि मग तेरखेडा. तालुका वाशी. हायवे चौपदरी झाल्यापासून गाड्या इतक्या जोरात जातात की तेरखेडा दिसतं ते फक्त फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्यांपुरतं. गावाची ओळख फटाके. आजूबाजूच्या माळावर फटाक्यांचे कारखाने आहेत आणि आख्ख्या मराठवाड्यात, सोलापुरात, नगरकडे लग्नाला, जत्रेला, मिरवणुकीला तेरखेड्याची दारू लागते. (शोभेची!) पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, मग हाताला काम देणारा हा एक धंदा. त्यात माणसं भाजतात, मरतात, आणि पेपरात तेरखेड्याचं नाव येतं ते तेव्हाच. दिवाळीत एकदा आणि स्फोट झाला की एकदा. एका मित्राने मला विचारलं होतं, "कारखाना बघायला मिळेल का रे? भारी वाटेल." नाही मिळणार. ज्या खोलीत बाई मांडीवर दारू घेऊन वाती भरते, ती खोली पर्यटकांनी डोकावायची जागा नाही. स्फोटकांच्या परवान्यात माणसं किती आणि माल किती हे ठरवून दिलेलं असतं ते काही शोभेसाठी नाही. तिथे जाऊन सेल्फी काढण्यापेक्षा तेरखेड्यात चहा प्या, फटाके विकत घ्या आणि पुढे निघा.

पुढे म्हणजे कुठे? नदीबरोबर. तेरणा नदी तेरखेड्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. किती जणांना ठाऊक आहे? ज्या नदीच्या नावाचा साखर कारखाना ढोकीला उभा राहिला (आणि मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिला), जिच्या काठावर तेर वसलं, जिच्या खोऱ्यात १९९३चा भूकंप झाला, ती नदी फटाक्यांच्या गावाच्या मागून निघते. उगम म्हणून काही गोमुख नाही, कुंड नाही, घाट नाही. पावसाळ्यात ओघळ वाहतात, उन्हाळ्यात दगड. पण इसोन्झोच्या काठाकाठाने लोक सायकलवर जातात ना? तसंच तेरणेबरोबर जाता येतं आणि एक नदी चार गावांत दोन हजार वर्षं दाखवून जाते.

पहिला मोठा थांबा तेर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा खरा राग इथे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची टिपणवही लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल बैलगाड्यांतून डोंगर ओलांडून भडोचला जायची, तिथून जहाजात. हे तगर म्हणजे आपलं तेर. उत्खननात रोमन संपर्काच्या खुणा निघाल्या. आणि निघाली एक हस्तिदंती बाई. वीतभरसुद्धा नाही. आता गंमत बघा. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली अगदी अशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली. व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला, म्हणजे त्याआधीच ती तिथे पोचली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिला बघायला जगभरातून लोक तिकीट काढून जातात. ती मथुरेची असं आधी समजत. पण तेर आणि भोकरदनच्या मूर्ती तिच्याशी इतक्या जुळतात की ती दख्खनमध्येच घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात.

म्हणजे इटलीला जाऊन आपला माणूस जी बघतो, तिची बहीण तेरला आहे. पुण्याहून पाच तास. तेरचं संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते रामलिंगप्पा लामतुरे हे कुणी प्राध्यापक किंवा पुरातत्त्व अधिकारी नव्हते. गावातल्या ह्या माणसाने शेतात, नदीकाठी, पांढरीच्या टेकाडावर सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, खापरं आयुष्यभर गोळा केली. लोक हसले असणार. त्या वेडातून हजारो वस्तूंचं संग्रहालय उभं राहिलं. युरोपात अशा माणसाच्या नावाचा चौक असता आणि चौकात त्याच्या नावाचं आइस्क्रीम.

तेरमध्येच त्रिविक्रमाचं देऊळ आहे. पाठीमागून बघा, गोल आहे, घोड्याच्या नालासारखं. विटांचं. हेन्री कझिन्स हा इंग्रज अभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आला आणि त्याने सांगितलं की हे मुळात बौद्ध चैत्य होतं, नंतर विष्णूचं देऊळ झालं. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडे ढिगाने आहेत, पण जमिनीवर विटांनी बांधलेलं, आजवर उभं असलेलं चैत्यगृह फार फार दुर्मिळ. आत पूजा चालू आहे. तिकीट नाही. शेजारच्या बोळात पोरं क्रिकेट खेळतात. आणि जवळच गोरोबाकाकांचं मंदिर. ज्या काकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कुणाचं मडकं भाजलंय आणि कुणाचं कच्चं हे ठरवलं अशी कथा आहे, त्यांनी आमच्या ट्रॅव्हल कंपन्यांची डोकी एकदा वाजवायला हवी होती. तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर-पंढरपूर असं 'चार धाम' पॅकेज घेऊन मी आईला एकदा नेलं होतं. कंपनीचं नाव नको. तेर रस्त्यापासून थोडंसं आत आहे, जाऊ या का, म्हटल्यावर त्यांचा मॅनेजर म्हणाला, "सर, तिथे काही नाही, वेळ जाईल." त्याऐवजी हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही तासभर थांबलो. तिथे सिमेंटची बैलगाडी होती.

अशी सिमेंटची बैलगाडी हाच आपल्याकडच्या 'ग्रामीण पर्यटना'चा कळस. असो.

नळदुर्ग. बोरी नदीला वळवून किल्ल्यात घेतलंय आणि नळदुर्ग व रणमंडळ ह्या दोन भागांना जोडणारा एक धरणासारखा बांध घातलाय. ह्या बांधाच्या पोटात खोल्या आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, हे बांधकाम झालं. पावसाळ्यात नदी भरली की पाणी बांधावरून दोन जागी कोसळतं, लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आणि तुम्ही बांधाच्या आत पाणीमहालात, गवाक्षाशी बसलेले असता. समोरून पाण्याचा पडदा पडतोय, कानठळ्या बसतायत, आणि तुम्ही कोरडे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंजिनिअरने गळती लागू न देता हे केलं. (आमच्या हापिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दर जूनला होडी लागते.) मात्र नर-मादी वाहतील की नाही हे पावसावर आहे, काही वर्षी वाहतच नाहीत. त्यामुळे 'हमखास धबधबा' असं कुणी विकायला लागलं तर विश्वास ठेवू नका.

परंड्याचा किल्ला मी एका वाक्यात उरकतो: विजापूरला जी मुलूखमैदान तोफ बघायला लोक जातात, ती १६३२ मध्ये परंड्याहून तिकडे ओढून नेलेली आहे, आणि मागे उरलेल्या तोफा बघायला कुणी जात नाही. कुंथलगिरीला जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेतली. येरमाळ्याला येडाई; चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत लाखो माणसं रानात चुन्याचे खडे वेचतात, हा प्रकार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आणि निसर्ग? "तिकडे उजाड माळ आहे," हे दुसरं लाडकं वाक्य. माळ आहेच, आणि तो उजाड नाही. आपल्याला हिरवं म्हणजेच निसर्ग असं कोकणाने आणि कॅलेंडरांनी शिकवलंय. बालाघाटाच्या माथ्यावर डिसेंबरात वाळलेलं सोनेरी गवत, त्यात चरणारी काळी शेळी, आणि वर फिरणाऱ्या पवनचक्क्या हे दृश्य मला तरी कुठल्याही टस्कनीपेक्षा कमी वाटत नाही. येडशीला रामलिंग घाट अभयारण्य आहे, जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, म्हणजे एखाद्या मोठ्या उपनगराएवढं. दरीत महादेवाचं देऊळ, पावसाळ्यात धबधबा, माकडं. २०२४च्या डिसेंबरात इथे चक्क वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ, शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते, नद्या ओलांडून येडशीच्या जंगलात पोचला. त्याला कुणी पॅकेज दिलं नव्हतं. यवतमाळहून वाघ पायी येतो आणि पुण्याहून आमचा सॉफ्टवेअरवाला एसी गाडीतून येत नाही!

खाण्याचं काय, तर इथे 'मराठवाडी झणझणीत' नावाची एक मोठी फसवणूक चालते. पुण्यात तर्रीचा लाल समुद्र वाढून त्याला मराठवाडी म्हणतात. आमच्याकडचं जेवण तसं नाहीच. ते कोरडवाहू जेवण आहे, आणि त्याची सगळी अक्कल त्यातच आहे. शाळूची भाकरी, कडकडीत वाळवलेलीसुद्धा. पाणी आटल्यावर भाजी कुठून आणायची? म्हणून येसर: धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. हुलग्याचं माडगं. करडईची भाजी. शेंगदाण्याची कुटलेली चटणी, तीत तेल घालावं लागत नाही, कुटताना सुटतं. प्रवासाला धपाटे. माणसांनी दुष्काळाला तोंड देत देत रचलेला हा स्वयंपाक आहे, त्यात नखरा शोधायला जाऊ नये.

शेळी तर जगप्रसिद्ध. उस्मानाबादी शेळी ही देशातल्या नावाजलेल्या जातींपैकी एक. काळी, काटक, कमी चाऱ्यावर जगणारी, बहुधा जुळी देणारी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं नाही बदललं. जगभरच्या पशुवैद्यांना उस्मानाबाद माहीत आहे ते शेळीमुळे. कंदुरीचं मटण ज्याने दर्ग्याच्या आवारात पंगतीत बसून खाल्लंय त्याला मी काय वेगळं सांगू? तिथे कंदुरी करणारे निम्मे लोक मराठे-धनगर असतात आणि मौलवीही शेजारीच बसलेला असतो. त्यावर कुणी परिसंवाद भरवत नाही.

आणि खवा. भूम-वाशीकडे घरोघर दूध आटवणाऱ्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही. सरमकुंडी फाट्यावर थांबून पेढा खा. त्यात साखर मागे आणि भाजलेलं दूध पुढे. धाराशिवचा गुलाबजामही ह्याच खव्याचा. भट्ट्यांना लाकूड लागतं आणि ते माळावरच्या झाडांतून येतं, हे मला माहीत आहे, आणि ते मला खटकतं. मानांकनाच्या कागदाबरोबर चुलीचाही विचार व्हायला पाहिजे होता.

आता माझ्या विरोधकांकडे. गोरित्सियावाला हा काही खरा विरोधक नाही, तो बिचारा नीट सांगितलं तर येईल. खरा विरोधक माझा मावसभाऊ आहे. तो तिकडेच शिकवतो, शेतीही करतो, आणि मी हे असं काही बोललो की भडकतो. त्याचं म्हणणं: "लेका, इथं कर्जापायी शेतकरी फास घेतोय, पोरांची लग्नं होईनात, टँकरची वाट बघत बाया उभ्या राहतात, आन् तू पाहुण्यांना येसर खायला घालायचं म्हणतोस? आधी पाणी दे. आमच्या गरिबीचं प्रदर्शन नको." ह्या बोलण्यात वजन आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. शेतकरी आत्महत्यांच्या प्रत्येक यादीत हा जिल्हा वर असतो. आणि आता नुसता दुष्काळच नाही, २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात असा पूर आला की लष्कराची हेलिकॉप्टरं आणावी लागली.

पण त्याचं म्हणणं पूर्ण धरूनही मी दोन गोष्टी विचारतो. एक, पाणी आणि पाहुणे ह्यात निवड करायची वेळ कुणी आणली? जिल्ह्यातलं पाणी पाहुणे पीत नाहीत, ऊस पितो. पाहुण्याच्या ताटात जे जाईल ते सगळं कमी पाण्यावरचं: शाळू, हरभरा, तूर, करडई, हुलगा, शेळी. ह्या मालाला बाजार समितीत काय भाव मिळतो ते तोच मला सांगतो. तोच शाळू हुरडा म्हणून शेतावर खायला घातला तर क्विंटलला काय पडतं ह्याचा हिशेब त्यानेही एकदा करावा. ह्याने जिल्हा तरणार नाही. पण तेरच्या दहा घरांना, नळदुर्गच्या वीस घरांना पुण्याला रूम करून राहायची वेळ नाही आली तरी ते थोडं नाही. मीसुद्धा अशाच एका घरातून पुण्याला आलेलो आहे.

दोन, गरिबीचं प्रदर्शन तर आत्ताच चालू आहे. वर्षभर टीव्हीवर भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा दाखवतात, तेव्हा त्याला कुणी प्रदर्शन म्हणत नाही. सास्तूरचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींची जुनी माळवदी घरं अंगावर आली. ती घरं उन्हाळ्यात गारेगार असायची. त्यांच्या जागी आखीव रांगांतली नवी गावं उभी राहिली. मोडून पडलेली गावं पुन्हा कशी वसली, त्यात काय साधलं, काय बिनसलं, हे शिकायला लोकांनी तिथे जायला हवं. इसोन्झोच्या खंदकांतून हिंडणाऱ्याला मेलेल्यांची टिंगल करतोयस असं कुणी म्हणत नाही ना?

सरकारबद्दल थोडक्यात. त्यांना तुळजापूर दिसतं आणि फक्त तुळजापूर दिसतं. देवीच्या दर्शनाला लाखो माणसं येतात, शेकडो कोटींचे आराखडे होतात, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं कामही चालू आहे. चांगलंच आहे. पण रेल्वेने आलेला माणूस त्याच रेल्वेने परत गेला तर जिल्ह्याला काय मिळालं, पार्किंगची पावती? बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण बाजूलाच राहिलं होतं, खुद्द उस्मानाबादला गाडी यायला रुंद रूळ पडेपर्यंत, म्हणजे ह्या शतकापर्यंत थांबावं लागलं. शंभर वर्षं गाडी शेजारून गेली. आता गाडी आली आहे तर निदान तुळजापूरच्या बसस्टँडवर तेर, नळदुर्ग, येडशी, परंडा हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक फलक आणि त्या गावांना वेळेवर सुटणारी एसटी, एवढं मागतो. थीम पार्क नको, काचेचा पूल तर नकोच नको. आणि पवनचक्की कंपन्यांनी माळावर सडका केल्याच आहेत, त्यांना त्या पावसाळ्यात टिकतील अशा ठेवायला लावा.

येणारच असाल तर मे महिन्यात येऊ नका. तेव्हा गावाचं पाणी गावालाच पुरत नाही. सप्टेंबरात या, तेव्हा नळदुर्ग. किंवा मार्गशीर्ष अमावस्येला या, तेव्हा येळवस. वेळ अमावस्या म्हणतात कागदोपत्री. उमरगा, लोहारा, तुळजापूर, धाराशिव आणि तिकडे लातूरकडे ह्या दिवशी गावं ओस पडतात, कारण आख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मडक्यातलं आंबील, ओल्या तुरी-हरभऱ्याची आणि दहा प्रकारच्या पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, ही पातळ भाजी असते. हा सण कानडी मुलखातून आला की इकडून तिकडे गेला ह्यावर वाद घालायला लोकांना वेळ नसतो, सगळे जेवत असतात. ओळख नसली तरी चालतं. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. एकाच शेतात पोटभर जेवू नका, पुढच्या बांधावरही हाक येणार आहे आणि नाही म्हटलेलं तिथे चालत नाही.